चिंचेच्या वयाचा दाखला

महाराष्ट्रातल्या शहरांत झाडांना संरक्षण आहे ते महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्याचे. झाड स्वतःच्या आवारातले असो की स्वतःच्या हाताने लावलेले, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. ‘तोडणे’ या शब्दाची कायद्यातली व्याख्या ऐसपैस आहे. जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सगळे तीत बसते. बुंध्याशी रोज कचरा पेटवणाऱ्यांच्या हे सहसा गावीही नसते.

२०२१च्या दुरुस्तीने या कायद्यात ‘प्राचीन वृक्ष’ हा वर्ग आला. लोक त्याला ‘हेरिटेज ट्री’च म्हणतात. ज्याचे अंदाजे वय ५० वर्षे किंवा अधिक, तो प्राचीन वृक्ष. ही मोजपट्टी सोपी असली तरी आंधळी आहे. वडाच्या किंवा चिंचेच्या आयुष्यात पन्नाशी म्हणजे ऐन उमेद. शेवग्याला तेवढे वय गाठणेच कठीण. शिवाय व्याख्येतला ‘अंदाजे’ हा शब्द लहान दिसतो, पण सगळी भांडणे त्याच्याभोवतीच होतात.

प्रस्तुत लेखकाच्या सोसायटीला लागून एक जुना बंगला होता आणि दोहोंच्या हद्दीवर एक चिंच. बंगल्याच्या जागी इमारत उभी राहायची ठरली, तेव्हा चिंच तोडण्याचा अर्ज झाला. वृक्षगणनेच्या नोंदीत तिचे वय ४० लिहिलेले होते, म्हणजे ती प्राचीन ठरत नव्हती. रीतसर सूचना लागली, मुदत संपली, परवानगी मिळाली, चिंच गेली. त्यानंतर काही आठवड्यांनी सोसायटीतल्या एका आजींच्या अल्बममध्ये मुंजीचा फोटो निघाला. मागे तारीख होती १९६९ची, आणि मांडवामागे तीच चिंच, तेव्हाही दुमजली उंचीची. तो फोटो वेळेवर निघाला असता तर निदान वयाचा प्रश्न पुन्हा उघडावा लागला असता.

वय ठरवणे हे दिसते तितके सरळ नसते. सामान्यतः छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजून, त्या जातीच्या वाढीच्या वेगावरून अंदाज बांधतात. पण खडकाळ जमिनीतली चिंच आणि विहिरीकाठची चिंच सारख्या वेगाने वाढत नाहीत. वडाच्या पारंब्या खोडात मिसळून घेर फसवा होतो. नारळाचे खोड वयाबरोबर रुंदावतच नाही. सागवानात वर्षागणिक वलये स्पष्ट उमटतात, आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत तशी उमटत नाहीत. आणि वलये मोजायला बहुधा झाड आधी पडावे लागते! म्हणून जुने फोटो, मंजूर बांधकाम-नकाशे, वयस्कर रहिवाशांची लेखी निवेदने यांना मोल आहे. ही कागदपत्रे अर्ज येण्याआधी जमवावीत. वृक्षगणना दर पाच वर्षांनी करणे कायद्याने बंधनकारक आहे. गणनेची माणसे आवारात आली की त्यांच्यासोबत फिरून जात, घेर आणि वय काय लिहिले जाते ते पाहावे. चूक तेव्हा सुधारते, नंतर फाइलच खरी मानली जाते.

परवानगीआधी वृक्ष अधिकाऱ्याने झाडाची पाहणी करायची असते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची असते आणि झाडावर दिसेल अशा जागी ती चिकटवायची असते. चिंचेवरचा कागद प्रस्तुत लेखकाने चार वेळा पाहिला आणि चारही वेळा शिकवणीवर्गाची जाहिरात समजून तो पुढे गेला. हरकतीची मुदत मोजक्या दिवसांची असते. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि ‘झाड फार सुंदर आहे’ असे न लिहिता वय, जात, घेर, आराखड्यात झाड वाचवण्याची शक्यता हे मुद्दे लिहावेत. परवानगी मिळाल्यावरही १५ दिवस झाडाला हात लावता येत नाही. हे दिवस फेरविचारासाठी आहेत, पण बहुतेक ठिकाणी ते हळहळण्यात जातात.

तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावण्याची अट दुरुस्तीत आहे. रोपे सहा ते आठ फुटांची हवीत आणि सात वर्षे जगवायची आहेत. म्हणजे नोंदीतले वय चुकले की भरपाईही तेवढीच घटते. नवी झाडे कुठे लागली हे लेखी विचारून दर पावसाळ्यानंतर जाऊन पाहणे, एवढे शेजाऱ्यांना करता येते.

हा कायदा शहरांपुरता आहे. ग्रामीण भागात १९६४चा महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम लागतो आणि तो अनुसूचीतल्या झाडांपुरताच आहे. अनुसूचीत साग, चंदन, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा आहेत. वड मात्र नाही. ज्याला बायका दरवर्षी सूत गुंडाळतात तोच यादीबाहेर! गोव्याच्या १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्यातून २०१६ साली नारळ वगळला गेला आणि दुसऱ्याच वर्षी राज्यवृक्ष म्हणून परत आला. यादीत असणे-नसणे किती राजकीय असते, हे त्यातून कळते.

सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा, सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड २०२० साली महामार्गाच्या आड आला. गावकरी आणि वृक्षप्रेमींनी आवाज उठवल्यावर तो वाचला. कामी आला तो लोकांचा आग्रह. १९६४च्या अनुसूचीचा त्याला काही आधार नव्हता. गावांसाठी एक वाट जैविक विविधता अधिनियम, २००२ मध्ये आहे. त्याखाली स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावातले जुने वड, पिंपळ, देवराईतली झाडे त्या वहीत घेर, जागा आणि ओळखीच्या आठवणींसह लिहून घ्यावीत. नोंदीने झाडाला परवानगीचे कवच मिळत नाही, पण रस्त्याची आखणी करणाऱ्यासमोर ठेवायला गावाकडे एक सरकारी कागद असतो.