उभ्या यंत्रांची निगा

पावसाळा सुरू झाला म्हणजे धरणांवरील व रस्त्यांवरील मातीकाम बहुतेक ठिकाणी थांबते आणि बुलडोझर, ट्रॅक्टर यांसारखी अवजड यंत्रे तीन-चार महिने उभी राहतात. चालणारे यंत्र झिजते हे सर्वांस ठाऊक असते. उभे यंत्रही बिघडते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

लोखंड गंजण्यास प्राणवायू व पाणी ही दोन्ही लागतात. तथापि त्यासाठी यंत्र पावसात भिजलेच पाहिजे असे नाही. वर्नन या ब्रिटिश रसायनज्ञाने १९३० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, हवेत गंधकयुक्त वायूचा अल्पसा अंश असेल, तर सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या पुढे जाताच गंजण्याचा वेग एकदम वाढतो. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात ही आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांहून अधिक असते. तेव्हा नुसते छप्पर पुरेसे होत नाही.

प्रथम यंत्रावरील चिखल धुऊन काढावा, कारण चिखलाचा थर ओल धरून ठेवतो. त्यानंतर एंजिन तापलेले असतानाच जुने वंगणतेल काढून टाकावे. डिझेलमधील गंधकापासून ज्वलनात तयार झालेली अम्ले त्या तेलात मिसळलेली असतात व ती बेअरिंगचा धातू हळूहळू खातात. म्हणून नवे तेल भरून एंजिन काही मिनिटे चालवावे, म्हणजे ते सर्व भागांवर पसरते. इंधनाची टाकी मात्र भरलेली ठेवावी. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते आणि दमट हवा आत ओढते. तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन ते तळाशी साचते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजंतूही वाढतात आणि त्यांच्या गाळाने गाळण्या तुंबतात. धूर व हवा यांच्या नळ्यांची तोंडे बंद करावीत. हायड्रॉलिक दट्ट्यांचे उघडे दांडे शक्य तेवढे आत घ्यावेत आणि उरलेल्या भागास ग्रीस लावावे.

दर आठवड्यास एंजिन पाच मिनिटे चालविले की ते सुस्थितीत राहते, अशी एक समजूत रूढ आहे. ती चुकीची, किंबहुना घातक आहे. एक लिटर डिझेल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी बाष्परूपाने निर्माण होते. त्यातील बहुतांश धुराबरोबर निघून जाते. परंतु थोडा भाग दट्ट्याच्या कड्यांजवळून खाली उतरतो आणि थंड एंजिनात त्याचे पुन्हा पाणी होऊन तेलात मिसळते. चालवायचेच असेल, तर एंजिन व तेल पुरते तापेपर्यंत चालवावे. नाही तर हात लावू नये.

बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी व महिन्यातून एकदा तिचा विद्युत्भार तपासावा. भार उतरलेल्या स्थितीत ती फार दिवस राहिल्यास शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ती पुन्हा नीट भारित होत नाही.

यंत्रातील पाणी किंवा तेल काढून ठेवले असेल, तर तसे ठळक अक्षरांत लिहिलेली पाटी चालकाच्या आसनासमोर टांगावी. यंत्र उभे करणारा व पावसाळ्यानंतर ते सुरू करणारा माणूस पुष्कळदा एकच नसतो, आणि तेलावाचून फिरविलेले एंजिन काही मिनिटांतच निकामी होते.