मोटारीचे पंक्चर : काम पाच मिनिटांचे की अर्ध्या तासाचे?

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतून रस्त्यांचे जाळे गेले आहे. बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला तो १८३० साली. पुढे त्याच वाटेने मुंबई-पुणे महामार्ग झाला आणि २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पूर्णपणे खुला झाला. चौक, खालापूर, खोपोली ही गावे या वाटेवरची. इकडे कर्जतहून नेरळला, चौकला, मुरबाडला आणि पळसदरीवरून खोपोलीला रस्ते फुटतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या मोटारींची रीघ लागते. ठिकठिकाणी बांधकामे चालू असल्याने खिळे, स्क्रू, तारांचे तुकडे रस्त्यावर येतात आणि पहिल्या पावसात वाहून आलेली खडी त्यात भर घालते. पंक्चरच्या दुकानाला या भागात गिऱ्हाईक कमी पडत नाही. कमी पडते ती कामाची पद्धत. या धंद्यात आपले अनेक बंधू आहेत, म्हणून आज आम्ही हाच विषय घेतला आहे.

पंक्चर काढणे हे हलके काम आहे, अशी समजूत लोकांत आहे आणि कधीकधी ती काम करणाऱ्यातही असते. वस्तुस्थिती उलट आहे. द्रुतगती महामार्गावर सपाटीला मोटारीची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. त्या वेगाने धावणारी गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. त्यातली एक जागा आपण दुरुस्त केलेली असते आणि आत एखादे कुटुंब बसलेले असते. ही जबाबदारी हलकी नाही.

टायर समजून घ्या

हवेचा टायर व्यवहारात आणला तो जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने, १८८८ साली बेलफास्ट येथे, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. त्यापूर्वी १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला असे आढळले होते, की रबरात गंधक मिसळून ते तापवले तर ते उन्हाने चिकट होत नाही आणि थंडीने तडकत नाही. याच क्रियेला आपण व्हल्कनायझिंग म्हणतो. पूर्वीचा गरम पॅच याच तत्त्वावर बसे. आजचा थंड पॅचही त्याच तत्त्वावर बसतो. फरक इतकाच की उष्णतेचे काम सोल्यूशनमधील आणि पॅचच्या खालच्या थरातील रसायने करतात. म्हणजे पॅच हा कागदासारखा डिंकाने चिकटत नाही, तो टायरच्या रबराशी एकजीव होतो. हे ज्याने ध्यानात घेतले, त्याला पुढची प्रत्येक पायरी का आहे ते आपोआप कळते.

आजच्या मोटारींना बहुतेक ट्यूबलेस रेडियल टायर असतात. ट्यूब नसली तरी आतून हवा न सोडणाऱ्या रबराचा पातळ थर असतो आणि नक्षीच्या खाली पोलादी तारांचा पट्टा असतो. खिळा घुसला म्हणजे तो हे दोन्ही भेदतो. भोकातून पाणी शिरले तर तारा गंजतात आणि काही महिन्यांनी टायर आतून सुटू लागतो. म्हणून भोक दोन कामांसाठी बुजवायचे असते : आतली हवा बाहेर जाऊ नये आणि बाहेरचे पाणी आत येऊ नये.

पट्टी की पॅच?

बाहेरून चिकट पट्टी खुपसण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. चाक उतरवावे लागत नाही, पाच मिनिटांत काम होते आणि गिऱ्हाईक खूश होते. पण या पद्धतीत टायरची आतली बाजू कोणी पाहिलेलीच नसते. अमेरिकेतील टायर उद्योगाच्या संघटना केवळ पट्टी किंवा केवळ पॅच यांपैकी कशालाच पुरी दुरुस्ती मानत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की टायर डिस्कवरून उतरवावा, आतून तपासावा, भोक रबराच्या दांड्याने भरावे आणि वर आतून पॅच बसवावा. हे दोन्ही एकत्र असलेला छत्रीच्या आकाराचा तुकडा बाजारात मश्रूम प्लग किंवा मश्रूम पॅच या नावाने मिळतो.

याचा अर्थ पट्टी फेकून द्या असा नाही. भर पावसात, रात्री, बायका-मुले गाडीत असताना पट्टी उपयोगाचीच आहे. मात्र ती तात्पुरती सोय आहे, हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावे : "दादा, ही कामचलाऊ पट्टी आहे. ताशी ८० च्या आत चालवा आणि घरी पोचल्यावर आतून पॅच करून घ्या." एवढे वाक्य बोलायला पैसे पडत नाहीत.

कोणता टायर नाकारायचा?

पुढील टायरला हात लावू नये, गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी.

१. भोक बाजूच्या भिंतीवर किंवा खांद्यावर असेल तर. तो भाग प्रत्येक फेरीला वाकतो. तिथे पॅच टिकत नाही आणि सुटला तर एकदम सुटतो.

२. नक्षीच्या भागातले भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठे असेल तर.

३. नवा पॅच जुन्या पॅचवर चढत असेल तर.

४. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर. मोटारीसाठी ही कायद्याने ठरलेली मर्यादा आहे. नक्षीच्या खोबणीत उंचवटे दिलेले असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला.

५. गाडी हवा नसताना चालवली असेल तर. टायर उतरवल्यावर आत काळ्या रबराचा भुगा दिसतो, बाजूच्या भिंतीवर गोल सुरकुती पडलेली असते. बाहेरून असा टायर चांगला दिसतो, पण आतून मेलेला असतो. पट्टी लावणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

टायरचे वयही पाहावे. भिंतीवरील लांब क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला.

ट्यूबलेस टायरचे पंक्चर टाळण्यासाठी आत ट्यूब घालून देण्याची एक चाल आहे. ती सोडावी. आतल्या पृष्ठभागावर ट्यूब घासते, तापते आणि ट्यूब फुटली की हवा एका क्षणात जाते.

कामाचा क्रम

प्रथम गाडी सपाट जागी घ्यावी, हातब्रेक ओढावा, समोरासमोरच्या चाकाला ठोकळा लावावा. नट जॅक चढवण्यापूर्वीच सैल करावेत. जॅकवर असलेल्या गाडीखाली अंग घालू नये.

हवा भरून साबणाचे पाणी लावावे किंवा चाक टाकीत बुडवावे. खिळा दिसला म्हणून शोध थांबवू नये. व्हॉल्व्ह आणि टायरची डिस्कलगतची कडही पाहावी. भोकाजवळ खडूने खूण करावी आणि खिळा कोणत्या कोनात गेला आहे ते पाहून मगच तो काढावा. व्हॉल्व्हसमोर टायरवरही खूण करावी, म्हणजे टायर त्याच जागी परत बसतो आणि बॅलन्सिंग फारसे बिघडत नाही.

व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण हवा सोडावी, मग टायर उतरवावा. आतून उजेड पाडून सगळा घेर हाताने चाचपावा, पण हातमोजा घालून, कारण तारेचे टोक बोटात जाते. भोक आतून-बाहेरून, खिळ्याच्याच कोनात, कानशीने साफ करावे. तुटलेल्या तारेचे टोक राहिले तर तेच पुढे प्लग कापते.

आता आतला भाग पॅचपेक्षा थोडा मोठा घासावा, मखमलीसारखा खरखरीत होईपर्यंत. तारा दिसेपर्यंत घासू नये. भुगा ब्रशने काढावा. कॉम्प्रेसरची हवा मारू नये, कारण त्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो. सोल्यूशनचा पातळ थर द्यावा आणि थांबावे. इथेच बहुतेक कामे बिघडतात. ओले असताना पॅच दाबला तर सोल्यूशनमधला द्राव आत कोंडतो आणि पॅच एकजीव होत नाही. ओली चमक जाईपर्यंत थांबावे. साधारण तीन ते पाच मिनिटे लागतात. कर्जतच्या पावसाळी दमट हवेत आणखी जास्त. फुंकर मारू नये, काडी पेटवून तर मुळीच वाळवू नये.

मश्रूमचा दांडा आतून बाहेर ओढावा, पॅचखालच्या कागदानंतर उघड्या झालेल्या भागाला बोट लावू नये आणि छोट्या रोलरने मध्यापासून कडेकडे दाबत जावे, म्हणजे हवा अडकत नाही. बाहेर राहिलेला दांडा नक्षीच्या पातळीला कापावा, ओढून ताणू नये.

टायर चढवताना कडेला साबण लावावा. कड बसवताना मोटारीच्या टायरमध्ये ४० पीएसआयच्या वर जाऊ नये. तेवढ्यात बसली नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावावा. शेवटी साबणाच्या पाण्याने दुरुस्ती, कड आणि व्हॉल्व्ह तिन्ही तपासावीत. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि गाडी खाली घेतल्यावर पुन्हा एकदा आवळावेत. टामीवर उभे राहून आवळलेला नट पुढे रस्त्यात गिऱ्हाइकाला सुटत नाही.

हवेचा हिशेब

हवा किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. टायरच्या भिंतीवरचा आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. पट्टीवरील आकडा थंड टायरसाठी असतो. घाट उतरून आलेल्या गाडीत हवा चार-पाच पीएसआय जास्त दिसते. ती काढून टाकू नये, नाहीतर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते. कमी हवेचा टायर वेगात जास्त वाकतो, वाकल्याने तापतो आणि तापल्याने फुटतो.

नायट्रोजनचे पैसे घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्याचा थोडा फायदा आहे, चमत्कार नाही.

स्वतःचा जीव

ट्रकची चाके करणाऱ्या बंधूंसाठी दोन शब्द. जुन्या पद्धतीच्या, रिंग असलेल्या चाकात १०० पीएसआय हवा असेल तर २० इंच व्यासाच्या वर्तुळावर सुमारे १४ टनांचा जोर येतो. रिंग नीट बसली नसेल तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते आणि डोके तिथेच असते. म्हणून पूर्ण हवा सोडल्याशिवाय रिंगला हात लावू नये, चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरावी, लांब नळी वापरावी आणि रिंगच्या समोर उभे राहू नये. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढावे, नाहीतर टाकी आतून गंजते. तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बांधून ठेवू नये. द्रुतगती महामार्गावर गाडी बंद पडल्याचे बोलावणे आले, तर वाहतुकीच्या बाजूचे चाक रस्त्यावर बदलण्याचे धाडस करू नये. गाडी आधी सुरक्षित जागी हलवावी.

धंद्याची पत

महामार्गावरच्या पंक्चरवाल्यांविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते : एक पंक्चर असताना चार सांगतात, टोच्याने भोके पाडतात. असे करणारे थोडे असतील, बदनामी सगळ्यांची होते. यावर वाद घालण्यापेक्षा उपाय सोपा आहे. दराचा फलक लावावा. चाक गिऱ्हाइकासमोर तपासावे, प्रत्येक बुडबुडा त्याला दाखवावा. काढलेला खिळा त्याच्या हातात द्यावा. वहीत तारीख, गाडीचा क्रमांक, कोणते चाक, पट्टी की पॅच याची नोंद करावी आणि साधी का होईना पावती द्यावी.

खर्चाचेही गणित आहे. पट्टीपेक्षा मश्रूमला वेळ आणि माल जास्त लागतो, म्हणून दरही जास्त सांगावा आणि का ते समजावून सांगावे. टायर उतरवण्याचे यंत्र आणि बॅलन्सिंग यंत्र घ्यायचे असेल, तर मुद्रा योजना आणि अल्पसंख्याकांसाठीचे मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळ येथे कर्जाची चौकशी करावी. दुकानाची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

काळही बदलतो आहे. २०२० च्या जुलैमध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा व पंक्चरचे साहित्य असलेल्या प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. स्टेपनी नसलेला गिऱ्हाईक पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असतो. दाबाच्या यंत्रणेचा सेन्सर अनेक गाड्यांत व्हॉल्व्हला जोडलेला असतो. टायर उतरवताना टामी त्या बाजूने घालू नये, नाहीतर पंक्चरच्या मजुरीपेक्षा भरपाई मोठी होते.

पंक्चरवाला हा शब्द काही लोक हिणवण्यासाठी वापरतात. आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही. कष्टाची रोजी ती रोजी. पण तिची इज्जत दुसऱ्याने द्यावी लागत नाही, ती कामातून येते. आपल्या दुकानातून निघालेली गाडी घाट चढून घरी सुखरूप पोचते, तेव्हा तो गिऱ्हाईक पुढच्या खेपेला चार दुकाने सोडून आपल्याकडे थांबतो. अर्धा तास लागला तरी चालेल, पण काम पुरे करा.