गाळणी घेऊन फिरणारे सागरजीव

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या आपल्या तळोद्याहून समुद्र बराच दूर आहे. आपल्यापैकीं पुष्कळांनीं तो अद्यापि पाहिलाही नसेल. तथापि समुद्राशीं आपला कांहींच संबंध नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. पावसाळ्यांत डोंगरांतून उतरणारे आपल्या बाजूचे नदीनाले तापीस मिळतात. मध्यप्रदेशांत मुलताईजवळ उगम पावलेली ही नदी प्रकाशावरून पुढें जाऊन उकाईच्या जलाशयांत शिरते, आणि सुमारें ७२४ किलोमीटरांचा प्रवास संपवून सुरतेच्या पलीकडे खंबायतच्या आखाताजवळ अरबी समुद्रास मिळते. आपल्या शेतांतील गाळ तिच्याबरोबर तेथवर जातो. त्या गढूळ पाण्याच्या पलीकडे, जेथें समुद्र निळा व स्वच्छ होऊं लागतो, तेथें कांहीं अद्भुत लहान प्राणी राहतात. ते गढूळ पाणी टाळून स्वच्छ पाण्यांत कां आढळतात, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

समुद्राच्या पाण्यांतून बारीक विणीचें जाळें ओढलें असतां त्यांत असंख्य सूक्ष्म जीव सांपडतात. ज्यांस प्रवाहाविरुद्ध पोहण्याचें बळ नसतें, पाणी नेईल तिकडे जे जातात, त्यांस प्लवक म्हणतात. त्यांपैकीं एक गट ट्यूनिकेट, म्हणजे कंचुकधारी प्राण्यांचा आहे. अंगाभोंवतीं कंचुकासारखें आवरण असतें म्हणून हें नांव. त्या आवरणांत पुष्कळदां सेल्युलोज नामक द्रव्य असतें. आपल्या शेतांतील कापसाचा तंतु आणि रानांतील सागाचें लांकूड यांतही हेंच द्रव्य असतें. तें वनस्पतींचें द्रव्य होय. प्राणिसृष्टींत तें स्वतःच्या शरीरांत निर्माण करणारे प्राणी हे कंचुकधारीच.

या क्षुद्र दिसणाऱ्या जीवांचें आपणांशीं नातेंही आहे. इ. स. १८६६ मध्यें अलेक्झांडर कोवालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानें असें दाखवून दिलें कीं, खडकास चिकटून राहणाऱ्या एका कंचुकधाऱ्याच्या पिलाच्या शेंपटींत पृष्ठरज्जु असतो. हा लवचीक दांडा मासा, पक्षी व मनुष्य यांच्याही गर्भावस्थेंत असतो व पुढें त्याच्या जागीं पाठीचा कणा तयार होतो. इ. स. २००६ मध्यें आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून शास्त्रज्ञ अशा निर्णयास आले कीं, पृष्ठवंशी प्राण्यांचे सर्वांत जवळचे आप्त म्हणजे हे कंचुकधारीच होत.

प्लवकांत आढळणारे यांचे तीन मुख्य प्रकार आपण पाहूं. पहिला ॲपेंडिक्युलेरिया. याचें धड बहुधा एखाद-दोन मिलिमीटरांचें असतें व त्यास एक चपटी शेंपटी असते. हा प्राणी आपल्या अंगांतून चिकट द्रव्य सोडून स्वतःभोंवतीं एक पारदर्शक घर बांधतो. घरास पाणी आंत येण्याचीं दारें असतात व त्यांवर जाळी असते. मोठे कण तेथेंच अडतात. आंत त्याहून बारीक अशी दुसरी गाळणी असते. शेंपटी हालवून प्राणी पाण्याचा प्रवाह चालूं ठेवतो आणि एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान कण गोळा करून खातो. जाळी तुंबली कीं तो घर टाकून देतो व अंगाशीं तयार असलेलें दुसरें घर थोड्याच वेळांत फुगवितो. उष्ण पाण्यांत एका दिवसांत दहा-बारा वेळां घर बदलावें लागतें! यांतील ऑइकोप्लेउरा डायोइका या जातीचें सारें आयुष्य कोंबट पाण्यांत एका आठवड्याच्या आंत संपतें.

दुसरा प्रकार डोलिओलम. याचें शरीर पिंपासारखें असून, पिंपास जशा लोखंडी पट्ट्या तसे याच्याभोंवतीं स्नायूंचे पट्टे असतात. तिसरा सॅल्पा. तो कांहीं मिलिमीटरांपासून वीतभरापर्यंत लांब असतो. पुढच्या तोंडानें पाणी आंत घेऊन तो तें मागच्या बाजूनें जोरानें बाहेर फेंकतो व त्या धक्क्यानें पुढें सरकतो. आंत शिरलेलें पाणी एका चिकट जाळींतून गाळलें जातें, म्हणजे चालणें व जेवणें हीं दोन्ही कामें एकाच क्रियेनें होतात. एकटा राहणारा सॅल्पा कळ्या फुटाव्यात तशी आपल्या शरीरांतून अनेक सॅल्पांची सांखळी निर्माण करतो. त्या सांखळींतील प्रत्येकाच्या पोटीं पुन्हां एकटा राहणारा सॅल्पा जन्मतो. पुत्र पित्यासारखा नसून पितामहासारखा, असा हा प्रकार प्रथम आडेलबेर्ट फॉन शामिसो या जर्मन कवीनें ओळखला. तो १८१५ ते १८१८ या काळांत ‘रुरिक’ नामक रशियन जहाजावर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला होता. हा शोध त्यानें १८१९ सालीं प्रसिद्ध केला.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. पावसाळ्यांत आपल्या घरीं पाणी वस्त्रानें गाळून घेतात, हें सर्वांस ठाऊक आहे. पाणी थोडें गढूळ असलें तर वस्त्र चांगलें काम देतें. फार गाळ असला तर तें लौकरच तुंबतें. या प्राण्यांचेंही तसेंच आहे. नदीच्या मुखाशीं खाद्य पुष्कळ असलें तरी मातीही पुष्कळ असते, आणि मातीनें गाळणी भरून गेली म्हणजे सॅल्पास उपाशी राहावें लागतें. खंबायतच्या आखातांत तर भरती-ओहोटी अतिशय मोठी असल्यानें गाळ सतत ढवळला जातो. म्हणून सॅल्पांचें खरें वसतिस्थान किनाऱ्यापासून दूर, स्वच्छ पाण्यांत असतें. ऑइकोप्लेउरा डायोइका ही जात मात्र काटक आहे. कमी खारट पाणी तिला सोसतें व ती किनाऱ्यालगत आणि खाड्यांच्या तोंडाशींही आढळते. तुंबलेली गाळणी टाकून नवी घेण्याची सोय तिला आहे, हें येथें ध्यानांत ठेवावें.

गाळणीनंतर दुसरी मर्यादा उष्णतेची. उत्तर ध्रुवाकडील थंड पाण्यांत ऑइकोप्लेउरा व्हानह्योफेनी ही जात राहते. उष्ण कटिबंधाच्या खुल्या समुद्रांत ऑइकोप्लेउरा लाँजिकाउडा विपुल असते. सॅल्पांपैकीं थालिया डेमोक्रॅटिका ही लहानशी जात सर्व महासागरांच्या उबदार पाण्यांत पसरलेली आहे, तर साल्पा थॉम्पसोनी ही दक्षिण ध्रुवाभोंवतालच्या समुद्रांतील आहे. डोलिओलम मुख्यतः उबदार समुद्रांत, विशेषतः किनाऱ्यालगतच्या उथळ तळाच्या बाहेरील बाजूस आढळतो. यांपैकीं बहुतेक प्राणी वरच्या शंभर-दोनशें मीटर पाण्यांतच असतात, कारण सूर्यप्रकाशावर वाढणाऱ्या सूक्ष्म वनस्पति तेथेंच असतात.

आपल्या अरबी समुद्रांत या सर्वांवर वाऱ्यांची सत्ता चालते. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे वारे वाहूं लागले म्हणजे सोमालिया, ओमान व भारताचा नैर्ऋत्य किनारा येथें खालचें थंड व पोषक क्षारांनीं युक्त पाणी वर येतें. हिंवाळ्यांत ईशान्येकडील कोरडे वारे उत्तर अरबी समुद्राचा पृष्ठभाग थंड करतात. थंड झालेलें पाणी जड होऊन खालीं जातें आणि खालचे क्षार वर येतात. दोन्ही वेळीं सूक्ष्म वनस्पतींस बहर येतो. अन्न मिळतांच सॅल्पा कळ्यांच्या द्वारें झपाट्यानें वाढतात. थालिया डेमोक्रॅटिकाची वाढ तर बहुपेशी प्राण्यांत अत्यंत वेगवान गणली जाते. अन्न सरलें कीं हे थवे तितक्याच त्वरेनें नाहींसे होतात.

ही माहिती सहज मिळालेली नाहीं. भारतीय समुद्रांतील सॅल्पांवर मोठा निबंध सेमूर स्यूअल यांनीं १९२६ मध्यें प्रसिद्ध केला. पुढें त्यांच्याच नेतृत्वाखालीं १९३३-३४ मध्यें ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजानें अरबी समुद्राचें संशोधन केलें. त्या सफरींतील प्लवक-कंचुकधाऱ्यांचा त्यांचा अहवाल १९५३ मध्यें निघाला. १९६० ते १९६५ या काळांत आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. तींत आपल्या नौदलाची ‘किस्तना’ नौकाही होती. या मोहिमेंतूनच १९६६ सालीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती गोव्यांत दोना पावला येथें आहे. या संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं बंगालच्या उपसागरांत सूक्ष्म वनस्पतींच्या बहराबरोबर कंचुकधाऱ्यांचे थवे आढळल्याची नोंद १९८० मध्यें केली. जाळ्यांत हे मऊ जीव फाटून जातात व त्यांचीं घरें तर विरघळल्यागत नाहींशीं होतात. म्हणून त्यांची संख्या पूर्वी कमी समजली गेली. पाणबुडे व पाण्याखालील छायायंत्रें आल्यावरच त्यांचें खरें महत्त्व कळलें.

तें महत्त्व कोणतें? समुद्रांतील अन्न बहुधा पायरीपायरीनें वर चढतें: सूक्ष्म वनस्पति अतिसूक्ष्म प्राणी खातात, त्यांस जरा मोठे, व त्यांस मासे. कंचुकधारी अत्यंत सूक्ष्म कण स्वतःच गाळून खातात व मधल्या कांहीं पायऱ्या गाळतात. हे प्राणी ज्यांच्या अन्नांत येतात अशा माशांत रुपेरी पापलेट आहे. मासेविक्रेत्याकडे मोठा मान असलेल्या या माशास महाराष्ट्र शासनानें २०२३ मध्यें राज्यमासा म्हणून घोषित केलें. शिवाय टाकून दिलेलीं घरें व सॅल्पांची जड विष्ठा वेगानें समुद्रतळाकडे जातात. कांहीं सॅल्पांची विष्ठा दिवसांत हजार मीटरांहूनही खोल उतरते. वनस्पतींनीं हवेंतून शोषलेला कार्बन अशा रीतीनें खोल समुद्रांत जातो. पृथ्वीची उष्णता वाढत असतां ही लहानशी सेवा क्षुल्लक मानतां येत नाहीं.

परंतु समुद्राची घडी बदलत आहे. दक्षिण महासागराच्या अटलांटिक भागांत १९७० नंतर क्रिल हे कोळंबीसारखे प्राणी घटले व दक्षिणेकडे सॅल्पा वाढले, असें २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. व्हेल, पेंग्विन यांचें पोट क्रिलवर भरतें. सॅल्पावर तितकें भरत नाहीं. उत्तर अरबी समुद्रांत २००० नंतर हिंवाळ्याच्या बहरांत पूर्वीच्या डायॅटम वनस्पतींऐवजीं नॉक्टिल्युका हा जीव माजूं लागला, असें २०१४ मध्यें शास्त्रज्ञांनीं सांगितलें. तो रात्रीं निळसर चमकतो. त्यास खाणाऱ्यांत सॅल्पा व जेलीफिश आहेत. म्हणून मासेमारांच्या वाट्याचें अन्न दुसऱ्या वाटेनें जाण्याची भीति त्यांनीं व्यक्त केली. एकच प्राणी एके ठिकाणीं पापलेटाचें अन्न होतो, तर दुसरीकडे त्याची वाढ ही बिघाडाची खूण ठरते, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. कोठें, केव्हां व किती, हें पाहिल्यावांचून निसर्गांतील कोणत्याही जीवास उपकारक वा अपकारक ठरवूं नये.

कॅलिफोर्नियाजवळ खोल पाण्यांत राहणाऱ्या राक्षसी ॲपेंडिक्युलेरियाचें घर एक मीटरहूनही रुंद असूं शकतें. तासाला ७६ लिटरपर्यंत पाणी गाळणारे हे प्राणी प्लॅस्टिकचे सूक्ष्म कणही गोळा करून टाकलेल्या घरांबरोबर तळाशीं नेतात, हें २०१७ सालच्या संशोधनांत दिसलें. गाळणीस अन्न कोणतें व प्लॅस्टिक कोणतें हें कळत नाहीं. जें बारीक असेल तें ती धरते. तेव्हां नाल्यांत टाकलेली पिशवी पुरानें वाहून गेली म्हणजे संपली, असें समजण्याचें कारण नाहीं. नाला तापीकडे जातो, तापी समुद्राकडे, आणि समुद्रांत या डोळ्यांस न दिसणाऱ्या गाळण्या रात्रंदिवस चालूं असतात. त्यांत काय पडावें, याचा कांहीं अंशीं निर्णय आपल्या गांवांतही होतो.