गरोदरपणातला ताप : आधी रक्त तपासू

पावसाळा लागला की वस्तीत घरटी एकाला तरी ताप येतो. "हवा बदलली, दोन दिवसांत उतरेल," असे म्हणून आपण मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो आणि कामाला लागतो. पण घरात गरोदर सून किंवा लेक असेल, तर हा हिशेब चालत नाही. तिचा ताप हिवतापाचा म्हणजे मलेरियाचा असेल, तर धोका दोन जिवांना असतो. म्हणून या वेळी हा विषय नीट समजून घेऊ.

हिवताप कसा होतो?

अ‍ॅनोफेलिस डासाची मादी चावली की हिवतापाचा जंतू रक्तात शिरतो. हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. चावल्यानंतर साधारण १० ते १५ दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोके दुखते, घाम येऊन ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. मध्ये बरे वाटते, म्हणून "गेला ताप" असा आपला समज होतो. प्रत्येक वेळी हुडहुडी भरेलच असेही नाही. कधी नुसता थकवा आणि अंगदुखी असते, आणि ती गरोदरपणाचीच समजून सोडून दिली जाते.

आपल्याकडे या जंतूच्या दोन जाती मुख्य आहेत : व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. फाल्सिपेरम अधिक घातक.

पोटातल्या बाळाला काय होते?

बाळाला अन्न आणि प्राणवायू वारेतून मिळतो. फाल्सिपेरमचा जंतू शिरलेल्या रक्तपेशी या वारेत चिकटून बसतात आणि बाळाचा पुरवठा कमी पडतो. त्यातून गर्भपात होऊ शकतो, मूल दिवस भरण्याआधी जन्मू शकते, पोटातच दगावू शकते किंवा २.५ किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मते. व्हायवॅक्सनेही बाळाचे वजन घटते.

आईच्या तांबड्या पेशी हा जंतू फोडतो. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्त कमी आहे असे धरतात. आपल्या अनेक भगिनी आधीच या रेषेखाली असतात. त्यात हिवताप झाला, तर बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही जिवावर बेततो.

आफ्रिकेत जिथे हिवताप फार आहे, तिथे गरोदर स्त्रियांना ताप नसतानाही ठरावीक अंतराने प्रतिबंधक औषध देतात. आपल्याकडे ती पद्धत नाही. आपला भर लवकर तपासणी, पूर्ण उपचार आणि डासांपासून बचाव यावर आहे. म्हणजे ताप लपवला, तर पुढची सगळी साखळी तुटते.

ताप आला तर काय करावे?

पहिल्याच दिवशी रक्त तपासावे. आशाताईंना सांगा किंवा सरकारी अथवा पालिकेच्या दवाखान्यात जा. बोटातून थेंबभर रक्त घेतात आणि ही तपासणी तिथे मोफत होते. पट्टीची तपासणी १५-२० मिनिटांत निकाल देते. एकदा तपासणीत काही निघाले नाही आणि ताप मात्र राहिला, तर पुन्हा रक्त द्या. जंतू वारेत दडलेले असतील, तर बोटाच्या रक्तात ते कधी कधी सापडत नाहीत.

कितवा महिना आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण औषध जंतूची जात आणि महिना पाहून ठरते. दिलेल्या गोळ्या ताप उतरला तरी पूर्ण घ्या आणि उपाशी राहू नका. या तापात रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते.

शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या कधीही घेऊ नका. हिवतापाच्या उपचारात प्रायमाक्विन नावाची गोळी असते. ती गरोदर बाईला देत नाहीत, कारण तिने पोटातल्या बाळाच्या रक्तपेशींना इजा होऊ शकते. व्हायवॅक्सचा जंतू यकृतात दबा धरून राहतो व पुन्हा ताप आणतो. त्यावरचा हा उपचार बाळंतपणानंतर करायचा असतो. तेव्हा डॉक्टरांना आठवण करून द्या आणि बाळ अंगावर पीत असल्याचेही सांगा.

झटके येणे, भान हरपणे, सारखी उलटी, धाप लागणे, डोळे पिवळे होणे, काळपट लघवी, अंगावरून रक्त जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही दिसले तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात न्या.

डास वस्तीत येतो कुठून?

शहरातला हिवतापाचा डास गटारापेक्षा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्याकडे नळ तासभर येतो, म्हणून पिंपे भरून ठेवावीच लागतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंपे रिकामी करून, आतून घासून, कोरडी करा. पिंपावर घट्ट फडके बांधा. विहाराच्या गच्चीवरची टाकी, पत्र्यावरची ताडपत्री, पडलेले टायर हेही पाहा. शेजारी बांधकाम चालू असेल, तर तिथले साठलेले पाणी काढण्यासाठी सर्वांनी मिळून पालिकेला लेखी अर्ज द्या. घरात मच्छरदाणी एकच असेल, तर ती गरोदर बाईला द्या.

शेवटी एक गोष्ट. दिवसाची मजुरी बुडेल म्हणून किंवा "सून लगेच दवाखाना धरते" असे कोणी म्हणेल म्हणून अनेकजणी ताप अंगावर काढतात. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रीच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. गरोदर बाईची विश्रांती हा त्यांच्या दृष्टीने साऱ्या समाजाचा प्रश्न होता. मग घरातल्या एका दिवसाच्या मजुरीचा भार आपण सर्वांनी का उचलू नये? सासूबाईंनी, नवऱ्याने स्वतः म्हणावे, "चल, आधी रक्त तपासू."