अंथरूण मुलांनाही दाखवा

पालकहो,

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना, शाळेचा पहिला आठवडा. रात्री जेवताना थोरल्या लेकीने विचारलं, "आई, आपण कधीच परदेशात का गेलो नाही?" तिच्या वर्गातल्या दोघीजणी मेच्या सुट्टीत जाऊन आल्या होत्या. मी म्हटलं, "बाबांना रजा मिळत नाही गं." ते खरं नव्हतं. रजा होती, पैसे नव्हते. ती तेव्हा दहा वर्षांची. थोडा वेळ गप्प बसली आणि मग बाबांना म्हणाली, "तुमच्या साहेबांना मी पत्र लिहू का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे कमी असण्यात लाज नव्हती, ते लपवण्यात होती. आणि मी लेकीला नेमकं तेच शिकवत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं एक वही घेऊन बसलो. महिन्याला किती येतात, घराचा हप्ता किती, शाळेची फी किती, उरतात किती, सगळं मुलांसमोर मांडलं. धाकटा सहा वर्षांचा होता, त्याला आकडे कळले नाहीत. पण आपल्याला बोलावून सांगतायत, एवढं त्याला कळलं. जायचं ठरलं लंडनला, कारण लेकीच्या पुस्तकांतली निम्मी माणसं तिथे राहत होती. महिन्याला चौदा हजारांची आवर्ती ठेव सुरू केली. तीन वर्षांनी व्याजासह साधारण साडेपाच लाख झाले आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. थोरली तेरा वर्षांची, धाकटा नऊ.

आपल्याकडे म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की ते अंथरूण मुलांनाही दाखवा. बाकीच्या गोष्टी तपशिलाच्या आहेत, पण तपशीलही उपयोगी पडतात, म्हणून आमच्या वहीतले सांगते.

सर्वांत मोठा घास विमानाच्या तिकिटांचा. मे-जूनमध्ये तिकडे ऐन हंगाम असतो आणि आपल्याकडेही सुट्ट्या, त्यामुळे दर चढलेले असतात. आम्ही दिवाळीची सुट्टी धरली आणि एक थांबा असलेलं विमान घेतलं. चौघांचे अडीच लाख गेले. मूल दोन वर्षांचं झालं की त्याला स्वतंत्र आसन घ्यावं लागतं आणि भाड्यात फारशी सूट नसते, हे आधीच ध्यानात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, मग पाच वाजायच्या आतच अंधार पडतो. म्हणून दिवसाचं वेळापत्रक सकाळपासून आखा. त्याच सुमारास तिथल्या शाळांनाही आठवडाभर सुट्टी असते, तेव्हा संग्रहालयांत गर्दी होते. प्रवेश फुकट असला तरी वेळ आधी नोंदवून ठेवा.

दुसरा घास व्हिसाचा. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाला माणशी शंभर पाउंडांहून जास्त लागतात, लहान मुलालाही तेवढेच, आणि अर्ज नामंजूर झाला तरी पैसे परत येत नाहीत. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो. रजा मंजुरीचं पत्र, मुलांच्या शाळेचं बोनाफाईड, पगाराच्या पावत्या, बँकेचं खातं, सगळं नीट लावा. इथे एक कळकळीची विनंती. खातं भरलेलं दिसावं म्हणून नातेवाइकाकडून दोन लाख उसने घेऊन टाकू नका. अर्जाच्या तोंडावर अचानक आलेली मोठी रक्कम तपासणाऱ्याच्या नजरेत भरते आणि तिचा उगम सांगता आला नाही तर त्यावरूनच नकार येऊ शकतो. दरमहा थोडं थोडं साठलेलं खातं जास्त खरं वाटतं, कारण ते खरं असतं.

राहण्यासाठी आम्ही मध्यवस्तीचा हट्ट धरला नाही. जरा बाहेरच्या भागात, भुयारी रेल्वेच्या स्टेशनपासून पायी अंतरावर, एका युवा वसतिगृहात चौघांची एक खोली मिळाली. दोन मजली पलंग होते, आणि सगळ्यांसाठी एक स्वयंपाकघर होतं. आठ रात्रींचे एक लाख पाच हजार झाले. ते स्वयंपाकघर हीच आमची खरी बचत. सकाळी पोहे किंवा ब्रेड-अंडी करून निघायचं, दुपारी एखाद्या सुपरमार्केटमधलं सँडविच बागेत बसून खायचं, रात्री परतल्यावर मऊ भात. घरून मेतकूट, भाजणी, चटण्या, चिवडा नेला होता. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. तांदूळ-डाळ तिथे मिळते. पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याची गरज नाही, नळाचं पाणी पिता येतं.

विम्यात मात्र काटकसर करू नका. परदेशी पाहुण्याला रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर बिल आपल्याला भरावं लागतं, आणि तो आकडा वर्षानुवर्षांची बचत एका दिवसात खाऊन टाकू शकतो. आमचा विमा आणि किरकोळ कागदपत्रं मिळून दहा हजार गेले. म्हणजे फिरणं, खाणं, तिकिटं यांसाठी सव्वा लाख उरले. हा आकडा धाकट्याने वहीत मोठ्या अक्षरात लिहिला आणि रोजच्या खर्चाची वजाबाकी त्याच्याकडे सोपवली.

आता आनंदाची गोष्ट. एवढं महागडं शहर, पण मुलांच्या बाबतीत ते फार उदार आहे. अकरा वर्षांखालच्या मुलाला बसमध्ये तिकीट नाही आणि भुयारी रेल्वेतही तिकीट काढलेल्या मोठ्या माणसाबरोबर ते फुकट जातं. अकरा ते पंधरा वयाच्या पाहुण्या मुलांसाठी स्टेशनवरचे कर्मचारी ऑयस्टर या प्रवासाच्या कार्डावर 14 दिवसांची निम्म्या भाड्याची सवलत लावून देतात, फक्त ती मागावी लागते. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. कार्ड टेकवायचं, आणि एकदा भाडं कापलं की पुढच्या तासाभरात दुसऱ्या बसला वेगळे पैसे पडत नाहीत. दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, पण त्यासाठी दिवसभर तेच कार्ड वापरायला हवं आणि प्रत्येक मोठ्या माणसाचं कार्ड वेगळं हवं. विमानतळावरून शहरात यायला हिथ्रो एक्सप्रेसपेक्षा भुयारी रेल्वेची पिकाडिली लाइन कितीतरी स्वस्त. वेळ जास्त लागतो, पण मुलं खिडकीतून बघत बसतात. आणि पर्यटकांच्या खास बसऐवजी साध्या दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसा. 15 नंबरच्या बसमधून सेंट पॉल कॅथीड्रल दिसलं तेव्हा लेक इतकी हरखली की उतरायचा थांबा चुकला.

पैसे देण्याच्या बाबतीत आमची एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. एका दुकानात कार्डाच्या यंत्राने विचारलं, रुपयांत की पाउंडांत? रुपये ओळखीचे, म्हणून मी रुपये निवडले. त्यात विनिमयाचा दर चढा लावलेला होता. नेहमी पाउंडच निवडा. निघण्याआधी आपल्या बँकेला विचारा की परदेशातल्या व्यवहारावर किती टक्के जादा घेता. कार्डाकार्डात मोठा फरक असतो.

आणि पाहायचं काय? ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमचे संग्रह 2001 पासून सगळ्यांना फुकट आहेत. नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात शिरताच छतापासून लटकवलेला 25 मीटर लांबीचा निळ्या देवमाशाचा सांगाडा दिसतो. तो 1891 मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याला लागला होता. धाकटा त्याच्याखाली जमिनीवर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. शेजारच्या विज्ञान संग्रहालयात चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेली अपोलो 10 ची कुपी आहे. रस्त्यापलीकडे व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे, खाली पडलेल्या इंग्रजाच्या अंगावर चढलेला. "हा इथे कसा आला?" लेकीने विचारलं. 1799 मधल्या श्रीरंगपट्टणच्या पाडावाबद्दल तिला सांगत मी तिथेच बाकावर बसले. इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत संपणारी गोष्ट तिला त्या दिवशी टोचली. असं टोचणं मला फार मोलाचं वाटतं.

पैसे देऊन पाहायची एकच जागा, असा आमचा नियम होता आणि ती मुलांनी ठरवायची होती. धाकट्याला हॅरी पॉटरचा स्टुडिओ हवा होता, लेकीला टॉवर ऑफ लंडन. आम्ही मध्ये पडलो नाही. दोघांनी दर शोधले, जायला लागणारा वेळ मोजला, दोन दिवस वाद घातला. शेवटी धाकट्याने टॉवरमधल्या कोहिनूरच्या बाजूने मत दिलं, पण अट घातली की किंग्ज क्रॉस स्टेशनवरच्या पावणेदहा नंबरच्या फलाटाची पाटी पाहायचीच. ती पाहायला पैसे पडत नाहीत. सेंट पॉलमध्ये पर्यटक म्हणून जायला मोठं तिकीट आहे, संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायला काही लागत नाही. आम्ही मागच्या रांगेत शांत बसलो. उंच घुमटाखाली मुलांच्या गायनाचे स्वर फिरत होते. तेवढा वेळ धाकट्याने हिशेबाची वहीही उघडली नाही.

सातव्या दिवशी आम्ही प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरच्या 10 नंबरच्या घरी गेलो. 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब 1920 मध्ये लंडनला परतले ते प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या बळावर. पैशांची ओढाताण होती, तरी ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात तासन्‌तास वाचत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो रुपयाच्या प्रश्नावर, आणि 1923 मध्ये तो पुस्तकरूपाने आला. आदल्याच दिवशी आम्ही ब्रिटिश म्युझियमच्या भव्य चौकात ती गोल वाचनालयाची इमारत पाहिली होती. धाकट्याने विचारलं, "म्हणजे ते पण पैसे मोजून राहत होते?" मी म्हटलं, "हो. एकेक पेनी मोजून." त्याने काही न बोलता वही दप्तरात नीट ठेवली. आपली काटकसर ही कमीपणाची गोष्ट नाही, हे मी त्याला दहा व्याख्यानं देऊनही पटवू शकले नसते.

पालकहो, आपण मुलांना सगळं द्यायला धावतो आणि एकच गोष्ट द्यायची विसरतो, ती म्हणजे विश्वास. घरातले पैसे किती, हे सांगितलं तर मूल घाबरेल, हिरमुसेल, शाळेत बोलेल, अशी आपल्याला भीती असते. माझा अनुभव उलटा आहे. ज्या मुलाला अडचण माहीत असते ते वस्तूसाठी हट्ट करत नाही, वाट शोधतं. लेकीने तीन वर्षं वाढदिवसाच्या पाकिटातले पैसे सहलीच्या डब्यात टाकले. आम्ही तिला कधी सांगितलं नव्हतं.

दोन गोष्टी मात्र ठामपणे सांगते. कर्ज काढून सहलीला जाऊ नका. आठ दिवसांच्या आनंदाचे हप्ते दोन वर्षं फेडताना घरात चिडचिड होते आणि ती मुलांच्या वाट्याला येते. आणि यंदा जमत नसेल तर "यंदा जमत नाही" असं सरळ सांगा. तीन वर्षं वाट पाहिलेली सहल मुलं विसरत नाहीत, कारण तिची सुरुवात घरातूनच झालेली असते. साठवणं, नकाशे बघणं, भांडणं, ठरवणं, हा सगळा प्रवासच असतो आणि तो लंडनला न जाताही करता येतो.

शहर तुमचं वेगळं असेल, रक्कम वेगळी असेल. दर बदलतात, नियम बदलतात, निघण्याआधी ते पुन्हा तपासा. पण सुरुवात आजच करा. रात्री जेवणं झाली की एक कोरी वही घ्या आणि मुलांना जवळ बसवा. पहिल्या पानावर घरातली खरी रक्कम लिहायची आहे. ती त्यांच्या हातून लिहून घ्या.