वार्धक्य आणि तोल

एखादी वृद्ध व्यक्ती घरात पडली, म्हणजे भेटावयास आलेली मंडळी सहज बोलून जातात, "वय झाले, आता तोल जायचाच!" या बोलण्यात सांत्वन आहे, पण विचार नाही. पिकले पान गळते तसे माणूस पडत नाही. त्याच्या पडण्यास कारणे असतात, आणि त्यांतील पुष्कळशी शोधून दूर करता येतात.

मनुष्य केवळ पायांच्या बळावर उभा राहत नाही. डोळे वाट दाखवितात, कानाच्या आतील एक नाजूक इंद्रिय तोलाची जाणीव देते, तळव्यांना जमिनीचा चढउतार कळतो आणि मांड्यांचे स्नायू देह सावरून धरतात. उतारवयात या साऱ्यांचीच शक्ती थोडी थोडी उणावते. त्यात मोतीबिंदू झाला, मधुमेहाने तळवे बधिर झाले, किंवा अंथरुणातून एकदम उठताना भोवळ आली, म्हणजे पडावयास लहानसे निमित्तही पुरते. ते निमित्त बहुधा घरातच असते. न्हाणीतील शेवाळलेली फरशी, उंच उंबरठा, पायांत घोटाळणारा धोतराचा सोगा, झिजलेली वहाण, रात्री परसाकडे जाताना न लावलेला दिवा! एकदा पडलेला मनुष्य भीतीने चालणेच सोडतो. त्यामुळे स्नायू आणखी दुबळे होतात आणि तो पुन्हा पडतो.

खुब्याचे हाड मोडले, तर प्रसंग कठीण. स्त्रियांची हाडे या वयात विशेष ठिसूळ झालेली असतात. रुग्ण अंथरुणास खिळतो, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो आणि कित्येकदा त्या पडून राहण्यानेच प्राण जातो. अशा वेळी पाय चोळीत दिवस घालविणे घातक होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मृत्यू पावतात; त्यांत साठीपुढील लोकच सर्वाधिक.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दसरा-दिवाळी उलटली की शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या भागांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कित्येक घरांत आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडे एवढीच उरतात. पाणी, सरपण, शेळ्या, सारे त्या थकल्या हातांवर येते. पहाटे आजी न्हाणीत पडली, तर उचलणारे हात दहा वर्षांच्या नातवाचे! मुलगा दूर कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात; मुकादमाची उचल घेतलेली, तो निघणार कसा? अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे खरे. पण डोंगरवस्तीवरून तेथवर नेणार कोण? जे दुखणे एका घराचे भासते, ते येथे साऱ्या गावाचे होते.

२०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरीब वृद्धांना काठी, चष्मा यांसारखी साधने मिळतात. काठी मनगटाइतक्या उंचीची असावी आणि दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी, हेही सांगणारे कोणी हवे. टोळ्या निघण्यापूर्वीच मागे राहणाऱ्या वृद्धांची यादी ग्रामपंचायतीने करावी, प्रत्येक नातवंडाला १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक पाठ करवावा, आणि मध्यरात्रीही ज्यावर थाप मारता येईल असे शेजारचे एक दार त्याला दाखवून ठेवावे.