छापलेला पिस्टन इंजिनाचा मार कसा सोसतो?

प्रश्न : माझा पुतण्या गॅरेजमध्ये काम करतो. तो सांगतो, परदेशात ७०० हॉर्सपॉवरच्या टर्बो इंजिनात आता छापलेले पिस्टन बसवतात. छापलेली वस्तू एवढा मार कशी सोसेल? आणि टर्बोने ताकद वाढतेच, तर पिस्टनच्या मागे लागायचे कशाला?

उत्तर : दुसरी शंका आधी सोडवू, म्हणजे पहिलीचे उत्तर सोपे जाईल.

इंजिनाला पेट्रोल पुरवणे सोपे असते, हवा पुरवणे अवघड. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल पंपाने हवे तेवढे ढकलता येते. हवा मात्र पिस्टन खाली जाताना जेवढी आत ओढली जाईल तेवढीच मिळते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने यावर तोड काढली आणि १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची.

म्हणजे ताकद टर्बोत नसते, ती इंधनातच असते. टर्बो जास्त हवा भरतो, त्यामुळे जास्त इंधन जाळता येते. म्हणूनच १.२ लिटरच्या साध्या मोटारीत ८०-९० हॉर्सपॉवर मिळतात, तर पोर्शेच्या ९११ जीटी२ आरएस या मोटारीत ३.८ लिटरचे इंजिन दोन टर्बोंच्या जोरावर ७०० हॉर्सपॉवर देते.

पण जास्त इंधन जाळले की उष्णताही वाढते. शिवाय हवा नुसती दाबली तरी तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड हाताला गरम लागते, तेच इथे घडते. म्हणून टर्बोतून आलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड करून मगच इंजिनात सोडतात. तरीही जळताना सिलिंडरमधला वायू २००० अंश सेल्सिअसच्या वर जातो. पिस्टन असतो अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते! पिस्टन टिकतो, कारण ही आच क्षणभराचीच असते आणि पिस्टनवर आलेली उष्णता सतत काढून घेतली जाते. काही रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीकडे जाते, काही खालून उडवलेल्या ऑइलबरोबर. हा निचरा कमी पडला, तर मिश्रण अवेळी पेटते, इंजिन नॉकिंग करू लागते आणि अखेर पिस्टनच्या डोक्याला भोक पडते. टर्बोचा दाब वाढवणे सोपे आहे, कस लागतो तो उष्णता बाहेर काढण्यात.

निचरा वाढवायचा सरळ उपाय म्हणजे पिस्टनच्या डोक्यात, रिंगांच्या मागे, ऑइल खेळवणारा एक गोल बोगदा ठेवायचा. डिझेल इंजिनांच्या ओतीव पिस्टनमध्ये तो असतो. साच्यात मिठाची कडी ठेवून धातू ओततात आणि नंतर पाण्याने मीठ धुऊन काढतात. मागे बोगदा उरतो. पण जीटी२ आरएससारख्या इंजिनात पिस्टन फोर्जिंगचा असतो, म्हणजे तापवलेला धातू प्रचंड दाबाने ठोकून घडवलेला. तो मजबूत असतो, पण त्या दाबाखाली मिठाची कडी टिकत नाही.

छपाई कामाला येते ती इथे. २०२० मध्ये पोर्शेने माले आणि ट्रुम्फ या जर्मन कंपन्यांबरोबर असे पिस्टन करून पाहिले. मैद्यासारख्या बारीक धातूच्या भुकटीचा पातळ थर पसरायचा, आकृतीनुसार हवा तेवढाच भाग लेझरने वितळवायचा, मग वर दुसरा थर. जिथे बोगदा हवा तिथे लेझर फिरवायचाच नाही; ती भुकटी सुटी राहते आणि शेवटी झटकून काढतात. असे सुमारे १२०० थर, सुमारे १२ तासांत. इथे ‘छापणे’ म्हणजे थरावर थर वितळवून जोडणे. पुढे यंत्रावर कातून मापे अचूक करतात आणि आत पोकळी किंवा तडा नाही ना, हे सीटी स्कॅनने तपासतात.

छापलेला पिस्टन फोर्जिंगच्या पिस्टनपेक्षा १० टक्के हलका निघाला आणि बोगद्यामुळे थंडही राहिला. हलका म्हणून जास्त वेगाने पळवता येतो, थंड म्हणून ज्वलन अधिक चोख साधता येते. त्यातून ७०० वर आणखी ३० पर्यंत हॉर्सपॉवर मिळू शकतात, असे कंपनीने जाहीर केले. मार सोसण्याची कसोटीही घेतली : चाचणीमंचावर २०० तास, त्यातले सुमारे १३५ तास पूर्ण भाराखाली. पिस्टन त्यात उतरले.

दोन गैरसमज मात्र दूर केले पाहिजेत. छापलेला भाग आपोआप जास्त मजबूत होत नाही. फायदा आहे तो इतर रीतीने न जमणाऱ्या आकाराचा. आणि तो स्वस्तही नसतो. लाखो सारखे पिस्टन हवे असतील, तर साचाच परवडतो. साच्याचा खर्च भरून निघणार नाही अशा मोजक्या नगांसाठी छपाई योग्य.

तुमच्या पुतण्याला शाबासकी द्या, त्याची माहिती बऱ्याच अंशी खरी आहे; फक्त वर सांगितलेले पिस्टन चाचणीसाठी केलेले होते. एवढे मात्र जरूर सांगा, की कोणाच्या सांगण्यावरून गिऱ्हाइकाच्या गाडीत टर्बोचा दाब वाढवून देऊ नये. कंपनीने ठरवलेल्या स्वरूपापेक्षा वेगळा बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंधन आहे. शिवाय गाडीतला पिस्टन, रिंगा, ऑइलच्या वाटा हे सारे मूळ उष्णतेच्या हिशेबाने केलेले असते. तो हिशेब न बदलता नुसता दाब वाढवला, तर आधी पिस्टन जातो, मग इंजिन.